रानाचा गुण येतो तो कसा?

इंग्लंडच्या विल्टशायरमध्ये एव्हबरी नावाचं छोटं गाव आहे. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी उभारलेलं एक प्रचंड पाषाणवर्तुळ या गावाला वेढून आहे. इतकं मोठं पाषाणवर्तुळ जगात दुसरं नाही. त्याच्या कडेच्या बांधावर बीच जातीची जुनी झाडं आहेत. माती धुपून त्यांची मुळं उघडी पडली आहेत आणि एकमेकांत गुंतून उतारावर पसरली आहेत. खालच्या फांद्यांना रंगीत फिती, कापडाच्या चिंध्या, लोकरीचे धागे बांधलेले दिसतात. एखादी फीत घरातल्या आजाऱ्यासाठी असते, एखादी गेलेल्या माणसाच्या आठवणीत. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना पाहिलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही.

इथे येणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःला पेगन म्हणवतात. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात हा शब्द लिहिला. २०११मध्ये हा आकडा ५७ हजारांच्या आसपास होता. या मंडळींचा एक ठरलेला ग्रंथ नाही, एक देवही नाही. निसर्ग पवित्र आहे, हे मात्र बहुतेक सगळे मानतात आणि ते नुसतं मानून थांबत नाहीत. वर्षाचे आठ सण पाळतात: दोन अयनदिन (वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन विषुवदिन (दिवस-रात्र सारखे असतात ते) आणि त्यांच्या मधोमध येणारे चार दिवस. सणावाराशिवायही अनेक जण एकच झाड किंवा ओढ्याकाठची एकच जागा धरून ठेवतात आणि पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन बसतात.

तिथे बसलं की मन हलकं होतं, असं ते सांगतात. हा अनुभव श्रद्धेचा आहे आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. पण शरीराच्या बाजूनेही या अनुभवाला बराच आधार मिळतो.

१९८४ साली रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. वय, प्रकृती वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या, तेव्हा झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली होती. रुग्णसंख्या लहान होती, हे खरं. पण झाडाचा परिणाम मोजता येतो, हे या अभ्यासाने दाखवून दिलं.

पुढचं संशोधन मेंदूकडे वळलं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडलेला विचार सोपा आहे. कामाच्या वेळी आपण लक्ष ओढून-ताणून एका जागी धरतो आणि त्याने थकतो. पानांची सळसळ, वाहतं पाणी, ढगांची चाल याही गोष्टी लक्ष वेधतात, पण जबरदस्ती करत नाहीत. तेवढ्यात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. २०१५ साली स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी ३८ जणांना दीड तास चालायला पाठवलं, काहींना ओकची झाडं असलेल्या माळरानावर, तर काहींना वाहतुकीच्या रस्त्याने. माळरानावरून परतलेल्यांच्या मनात तेच ते उगाळत बसणं कमी झालं होतं. अशा उगाळण्याशी संबंध असलेल्या मेंदूच्या एका भागाची हालचालही मंदावली होती. रस्त्याने चाललेल्यांत हा फरक आढळला नाही.

मग जायचं किती वेळ? इंग्लंडमधल्या जवळजवळ २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली आला. आठवड्याला १२० मिनिटं किंवा त्याहून अधिक वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत, असं सांगण्याची शक्यता जास्त होती. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. मुळात धडधाकट असलेली माणसंच जास्त फिरत असतील, ही शंका रास्त आहे. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. मात्र दीर्घकाळच्या आजारांनी ग्रासलेल्यांमध्येही हाच कल दिसला, म्हणून तिचं मोल वाढतं.

१२० मिनिटांचा हा आकडा फार गाजला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते डर्बी विद्यापीठातल्या माइल्स रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. बाहेर किती मिनिटं घालवली यापेक्षा निसर्गाशी आपली जवळीक किती वाटते आणि बाहेर असताना आपण काय टिपतो, यांचा समाधानाशी अधिक संबंध असतो, असं त्यांना आढळलं. फुलाचा वास थांबून घेणं, पाखराचा आवाज कान देऊन ऐकणं, इतक्या साध्या गोष्टी. कानात गाणी लावून बागेला पाच फेऱ्या मारणारा माणूस बाहेर असतो, पण तिथे नसतो.

पेगन माणसाची रीत इथे कामी येते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इंबोल्कचा सण येतो, तेव्हा गारठलेल्या जमिनीतून स्नोड्रॉपची पांढरी फुलं वर आली का, ते पाहायचं. मे महिन्याच्या तोंडावर बेल्टेन, तेव्हा हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांना बहर आला का, याकडे डोळे लावायचे. सण साजरा करायचा तर ऋतूकडे बघावंच लागतं. आपल्याकडे देवराईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, हा दंडक पाळताना झाडाशी नातं जपलं जातं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं जैविक मोल जगापुढे ठेवलं. त्या राया तोवर टिकल्या होत्या त्या या नात्याच्या जोरावर.

विस्मयाचीही गोष्ट सांगायला हवी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वयस्क मंडळींना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. एका गटाला जादा सूचना होती: नव्या नजरेने बघा, थक्क करणारं काही शोधा. प्रत्येकाने चालताना स्वतःचे फोटो काढायचे होते. या गटाच्या फोटोंमध्ये आठवड्यागणिक माणूस लहान होत गेला, चौकटीत भोवतालचा परिसर वाढला आणि चेहऱ्यावरचं हसू रुंदावलं. आपण एका मोठ्या पसाऱ्याचा लहानसा भाग आहोत, ही भावना पेगन माणसाच्या साधनेच्या गाभ्याशी आहे. तिचा माग असा छायाचित्रात लागावा, हे मला फार सुंदर वाटतं.

इंग्लंडचा हिवाळा मात्र खरी परीक्षा घेतो. डिसेंबरच्या अयनदिनी दक्षिण इंग्लंडमध्ये उजेड आठ तासही टिकत नाही. सूर्य आठनंतर उगवतो, चारच्या सुमारास मावळतो. उदासी दाटण्याचे हे दिवस, आणि लोक घरात बसतात. घरातल्या दिव्यांचा उजेड दोन-तीनशे लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास असतो, तर ढगाळ दुपारीही बाहेर त्याच्या कितीतरी पट प्रकाश मिळतो. डोळ्यातल्या काही खास पेशी या प्रकाशावरून मेंदूला वेळ कळवतात, आणि त्यावर झोप-जागेचं घड्याळ चालतं. अशा दिवसांत अयनदिनाची पहाट गाठायला हजारो लोक स्टोनहेंज या प्राचीन पाषाणवर्तुळापाशी जमतात. वर्षातल्या एका पहाटेने घड्याळ जागेवर येत नाही. पण ज्याला हिवाळ्यातही आपल्या झाडापाशी जायची सवय आहे, त्याच्या पदरात तो उजेड नेमाने पडत राहतो.

झाड डॉक्टरची जागा घेत नाही. नैराश्य गंभीर असेल तर उपचार हवेतच. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२१पासून इंग्लंडमधल्या सात भागांत रुग्णांना बागकाम, रानातली भटकंती अशा उपक्रमांकडे पाठवून पाहिलं, तेही नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून.

प्रेमानेही इजा होते, हे एव्हबरीच्या परिसरात दिसतं. जवळच्या वेस्ट केनेट या दफनस्थळात लावलेल्या छोट्या मेणबत्त्यांनी हजारो वर्षांचे दगड काळवंडले आहेत. नायलॉनची फीत कुजत नाही. फांदी जाड होत जाते तशी ती सालीत रुतते. म्हणून जाणती पेगन मंडळी नवख्यांना सांगतात की बांधायचंच तर सुती किंवा लोकरीचं, आणि सैल बांधा. काही जण पिशवी घेऊन येतात आणि इतरांनी टाकलेला कचरा गोळा करतात. त्यांच्या लेखी तीही पूजाच आहे.