ड्रीमकास्ट

सेगा या जपानी कंपनीचा शेवटचा घरगुती गेम कन्सोल. जपानमध्ये तो २७ नोव्हेंबर १९९८ रोजी विक्रीस आला आणि ३१ मार्च २००१ रोजी त्याचे उत्पादन थांबले. एकूण सुमारे ९१ लाख नग खपले. यंत्र म्हणून त्यात खोट काढायला फारशी जागा नव्हती. तो बाजारात उतरला तेव्हा कंपनीची पत आणि गंगाजळी, दोन्ही आटत आली होती. तो बुडाला तो त्यामुळे.

नव्वदच्या दशकातल्या पुण्यात ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणायचे, कंट्रोलरला ‘रिमोट’, आणि गेम सुरू होईना की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. सेगाचा आधीचा कन्सोल मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेस या कंपनीने १९९५ मध्ये भारतात आणला खरा, पण १८,००० रुपये मोजणारी घरे पेठांत किती असणार? प्रस्तुत लेखकाने पुण्यात पाहिलेले दोन्ही ड्रीमकास्ट अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आले होते. ते चालवणे हाही उद्योगच होता. अमेरिकी संच १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट खुपसला तर आतला पॉवर सप्लाय जळणार. म्हणून आधी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणायचा. तो विटेएवढा जड, आणि चालू असताना सारखा गुणगुणत राहायचा. त्यातून घरचा टीव्ही फक्त ‘पाल’ ही आपल्याकडची प्रक्षेपण-पद्धत ओळखणारा जुना असला (अमेरिकेची पद्धत वेगळी), तर एवढे करून चित्र कृष्णधवलच दिसे.

ड्रीमकास्टच्या अपयशाची मुळे सेगाच्या आधीच्या चुकांत आहेत. मेगा ड्राइव्हने अमेरिकेत निन्टेंडोला घाम फोडला होता. पुढे १९९४ मध्ये सेगाने त्यालाच जोडायचे ‘थर्टी-टू-एक्स’ हे उपकरण काढले आणि दोनेक वर्षांत वाऱ्यावर सोडले. ज्यांनी पैसे घातले, ते फसले. मग सॅटर्न हा पुढचा कन्सोल. अमेरिकेत तो सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असे जाहीर झाले होते, पण ११ मे रोजी लॉस एंजेलिसच्या व्हिडिओ गेम प्रदर्शनात सेगाने सांगून टाकले की तो आजपासूनच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर. माल मोजक्याच दुकानांना मिळाला होता. बाकीचे दुकानदार खवळले, आणि गेम बनवणाऱ्या कंपन्यांचे गेम तर तयारच नव्हते. त्याच दिवशी सोनीने आपल्या प्लेस्टेशन या कन्सोलची किंमत सांगितली : २९९ डॉलर. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ड्रीमकास्ट हे ते ताक होते, आणि माझ्या मते उत्तम ताक होते.

त्यात हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर, चित्रांसाठी पॉवरव्हीआर-२ आणि आवाजासाठी यामाहाची चिप होती. गेम जीडी-रॉम नावाच्या सुमारे एक गिगाबाइटच्या चकतीवर येत. ही चकती उलटी करून उजेडात धरली की दोन वर्तुळे वेगळी दिसतात : आत साध्या सीडीसारखा भाग, बाहेर दाट भाग, आणि मधल्या पट्ट्यावर बारीक अक्षरांत सेगाचे नाव. कन्सोलमध्येच इंटरनेटसाठी मोडेम बसवलेला होता. १९९८ साली आपण फोनची लाइन अडवून डायल-अप लावत होतो, हे आठवले की त्यातले धाडस कळते. सगळ्यात गोड वस्तू म्हणजे व्हीएमयू. रिमोटच्या पोटात बसणारे हे मेमरी कार्ड, त्याला स्वतःचा चिमुकला पडदा आणि बटणे. काढून खिशात घातले की छोटे खेळ खेळता येत. त्यातले दोन बटण-सेल संपले की कन्सोल सुरू करताना ते कर्कश ओरडते. जपून ठेवलेला खेळ मात्र सेल संपला तरी पुसला जात नाही.

जपानमध्ये ग्राफिक्स चिप पुरेशा बनल्या नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवसांत मागणी असून माल नव्हता. अमेरिकेतली सुरुवात दणक्यात झाली : ९ सप्टेंबर १९९९, किंमत १९९ डॉलर आणि पहिल्या चोवीस तासांत २,२५,१३२ नगांची विक्री. पण सोनीने त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेस्टेशन-२ जाहीर केला होता. तो डीव्हीडी चित्रपटही दाखवणार होता, आणि पुष्कळ लोक त्याची वाट बघत पैसे राखून बसले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या बड्या गेम-कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम केला नाही. २००० मध्ये साध्या सीडीवर उतरवलेले चोरटे गेम कन्सोलमध्ये कसलाही बदल न करता चालवायची युक्तीही निघाली. किंमत १४९, मग ९९ डॉलरवर आली. खप टिकवायचा तर तोटा सोसायचा, अशी कोंडी झाली.

३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने कन्सोलच्या धंद्यातून माघार जाहीर केली. तेव्हाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनीला दिलेले कर्ज माफ केले आणि स्वतःचे सुमारे ६९.५ कोटी डॉलरचे शेअरही देऊन टाकले. १६ मार्चला त्यांचे निधन झाले, उत्पादन थांबायच्या पंधरा दिवस आधी. सेगा तगली ती या पैशावर. पुढे तिचे गेम सोनी आणि निन्टेंडोच्या यंत्रांवर निघू लागले.

ड्रीमकास्टवरच्या खेळांपैकी ‘शेनम्यू’ (१९९९) वेगळा उल्लेख मागतो. सेगाचे गेम-दिग्दर्शक यू सुझुकी यांनी त्यात १९८६ सालचे योकोसुका गाव उभे केले : दारे ठोठवा, खण उघडून बघा, पावसात हिंडा, बंदरावर फोर्कलिफ्ट चालवून पगार घ्या. ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ने (डिसेंबर २०००) दूरदूरच्या देशांतल्या खेळाडूंना एका टोळीत आणले. त्यासाठीची सेवा भारतात नव्हती. पुण्यातल्या यंत्रांचे मोडेम तसेच राहिले.

कन्सोलमधल्या घड्याळाचा सेल बोर्डाला डाख लावून बसवलेला असतो आणि वर्षांनी तो मरतो. मग यंत्र दर वेळी सुरू होताना तारीख विचारते, आणि आपण काही भरण्याआधी पडद्यावर स्वतःची तारीख दाखवते : २७ नोव्हेंबर १९९८.