ग्राफिक्स कार्डची निवड

ग्राफिक्स कार्डची निवड : गेम खेळण्यासाठी किंवा डिझाइनच्या कामासाठी संगणकात कोणते ग्राफिक्स कार्ड बसवावे, हे ठरवण्याची पद्धत. कार्डावर जीपीयू ही मुख्य चिप, तिच्या लगत व्हीआरॅम ही तिची स्वतःची मेमरी, वीज सांभाळणारे भाग आणि उष्णता बाहेर टाकणारे पंखे असतात. चिप एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलची असते. आसूस, एमएसआय, गिगाबाइट यांसारख्या कंपन्या त्या चिपभोवती कार्ड उभे करतात. म्हणून एकाच चिपची पाच-सात कार्डे दुकानात शेजारी शेजारी दिसतात. त्यांच्या किमतीत काही हजारांचा फरक असला, तरी वेगातला फरक सहसा जाणवतही नाही. जास्तीचे पैसे मोठ्या पंख्यांना, कमी आवाजाला आणि रंगीत दिव्यांना जातात.

खोक्यावरचे नाव ही तुलनेतली सर्वांत कच्ची माहिती होय. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे कार्ड २०१६ मध्ये ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन रूपांत आले. फरक फक्त मेमरीचा आहे असे वाटे, पण ३ जीबीच्या कार्डात कोअरही (चिपमधले गणिते करणारे छोटे घटक) १,२८० ऐवजी १,१५२ होते. जीटी १०३० चे २०१८ मध्ये आलेले डीडीआर४ (संथ प्रकारची मेमरी) रूप मेमरीच्या गतीत मूळ कार्डाच्या साधारण एक तृतीयांशच होते, नाव मात्र तेच राहिले. २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० या एका नावाखाली दोन वेगळ्या चिपांची कार्डे जाहीर केली. टीका इतकी झाली, की त्यांतले १२ जीबीचे कार्ड विक्रीला येण्याआधीच मागे घेतले गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय या नावाने आले. लॅपटॉपमध्ये तर ही फसगत नेहमीचीच. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी असते, तर लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. लॅपटॉपच्या ४०६० ला किती वीज द्यायची, ३५ वॅट की ११५, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते आणि वेग त्यावर ठरतो. अ‍ॅनिमेशन किंवा आर्किटेक्चरला प्रवेश घेतलेल्या मुलांसाठी पालक मोठी रक्कम मोडून असे लॅपटॉप घेतात. त्यांनी विक्रेत्याला हा वॅटचा आकडा जरूर विचारावा.

आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० या जोडीत निवडीचा सगळा पेच दिसतो. पहिले २०२१ चे : ३,५८४ कोअर, १२ जीबी मेमरी, १९२ बिटांची मेमरी वाहिनी, मेमरीतून सेकंदाला ३६० जीबी डेटाचे वहन, १७० वॅट. दुसरे २०२३ चे : ३,०७२ कोअर, ८ जीबी, १२८ बिट, सेकंदाला २७२ जीबी, ११५ वॅट. कागदावर जुने कार्ड सरस दिसते. प्रत्यक्षात १०८०पी (फुल एचडी) पडद्यावर बहुतेक गेममध्ये नवे पुढे जाते, कारण त्याचे कोअर अधिक वेगाने चालतात आणि एल२ कॅश ही चिपमधलीच छोटी, अतिवेगवान साठवण ३ एमबीवरून २४ एमबीवर गेल्याने मेमरीकडे वारंवार धाव घ्यावी लागत नाही. दोन पिढ्यांतले कोअर मोजून तुलना करता येत नाही, ती या कारणाने.

पण हाच निकाल ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रणालीत मोठा देखावा रेंडर करताना, म्हणजे त्याचे अंतिम चित्र तयार करताना, उलटू शकतो. गेममध्ये मेमरी कमी पडली, तर टेक्स्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचा) दर्जा एक पायरी उतरवून काम भागते. रेंडरमध्ये देखाव्यातले सगळे मॉडेल आणि टेक्स्चर एकाच वेळी हाताशी लागतात. ते ८ जीबीत मावले नाहीत, तर काम फार मंदावते किंवा मेमरी संपल्याचा संदेश येऊन थांबते. अशा वेळी कमी वेगाचे १२ जीबीचे कार्ड काम पूर्ण करते आणि वेगवान कार्ड करत नाही. मेमरी भरल्यावर उरलेला डेटा मदरबोर्डवरच्या रॅममधून आणावा लागतो. ४०६० ला त्यासाठी पीसीआय एक्सप्रेस या कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या आठच लेन मिळतात. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्यांतून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर त्याच्या निम्मे. २७२ पुढे १६ म्हणजे महामार्गावरून एकदम पायवाटेवर उतरणे. मेमरी भरून वाहू लागली की गेम मधेच अडखळते, ती इथे. ३०६० चे ८ जीबीचे रूपही पुढे निघाले असून त्याची वाहिनी १२८ बिटांचीच आहे, तेव्हा जुने कार्ड घेतानाही जीबीचा आकडा वाचायला हवा.

गेमसाठी तुलना करताना आधी पडदा पाहावा. १०८०पी मध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३७ लाख आणि ४के मध्ये ८३ लाख. दर सेकंदाला ६० चित्रे हवीत तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवीत तर जेमतेम ७. सरासरी आकड्यापेक्षा सर्वांत वाईट एक टक्का चित्रांचा वेग अधिक बोलका असतो, कारण खेळताना डोळ्यांना खुपतो तो अडखळण्याचा क्षण. जाहिरातींतले आलेख मात्र जपून वाचावेत. एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर ही तंत्रे कमी पिक्सेलवर चित्र काढून ते मोठे करतात. फ्रेम जनरेशन दोन चित्रांमध्ये बनवलेले तिसरे घालते. त्याने सेकंदाची चित्रे वाढतात, पण माऊस हलवल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. नव्या कार्डावर ही सोय चालू आणि जुन्यावर बंद ठेवून केलेली तुलना तुलनाच नव्हे.

‘डिझाइनसाठी कार्ड’ ही मागणीच फार ढोबळ आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पुस्तकाची मांडणी असे डीटीपीचे काम फोटोशॉप, कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये चालते. तिथे भरपूर रॅम, एसएसडी आणि चांगला प्रोसेसर हवा. महागडे कार्ड घेऊन रॅम ८ जीबीच ठेवलेला संगणक या कामाला रडतच राहतो. ऑटोकॅडच्या द्विमितीय नकाशांचेही तसेच. सॉलिडवर्क्ससारख्या यांत्रिक आराखड्यांच्या प्रणालीत मात्र प्रमाणित व्यावसायिक कार्डांना अर्थ असतो. तिथली काही दृश्य-सोय अशा कार्डांवरच अधिकृतपणे मिळते. त्यांतल्या वरच्या कार्डांत चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरीही असते. त्रिमितीय रेंडरमध्ये एनव्हिडियाचे पारडे जड आहे. २००६ मध्ये जाहीर झालेल्या कुडा या, ग्राफिक्स चिपकडून इतर गणितेही करून घेणाऱ्या तिच्या व्यवस्थेवर अनेक रेंडर इंजिने उभी राहिली. ब्लेंडरला कार्डावर रेंडर करण्यासाठी एनव्हिडियाचा ऑप्टिक्स हा मार्ग २०१९ मध्ये मिळाला, एएमडीचा एचआयपी मार्ग २०२१ मध्ये. त्याच पैशात एएमडी बहुधा जास्त मेमरी देते, आणि गेमसाठी तो सौदा चांगला ठरतो. रेंडरसाठी ब्लेंडर ओपन डेटा आणि कॅडसाठी (संगणकावरील आराखड्यांसाठी) स्पेकव्ह्यूपर्फ या वेगचाचण्यांचे निकाल पाहावेत. गेमचे आलेख पाहून रेंडरचे कार्ड निवडू नये.

परीक्षणे बहुधा थंड खोलीत होतात, हे आपल्याकडे विसरून चालत नाही. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात खोलीचे तापमान दहा अंशांनी जास्त असेल, तर तेवढ्याच भारावर आणि पंख्याच्या तेवढ्याच वेगावर कार्डही साधारण दहा अंशांनी जास्त तापते. हवा खेळती नसलेल्या कॅबिनेटमध्ये ते स्वतःचा वेग उतरवते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. त्यावर तीनशे वॅटचे कार्ड जोडले, तर वीज जाताच संगणकही बंद पडतो. कार्डाच्या बजेटमध्ये एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस धरावेत ते यासाठी.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड ही सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे आणि वापरलेली कार्डेही तिथे मिळतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे मायनिंग (संगणकीय गणिते करून नवे चलन मिळवणे) संपवले आणि जगभर अशी कार्डे विक्रीला निघाली. मायनिंगमध्ये चिपपेक्षा मेमरी आणि पंखे जास्त झिजतात. वापरलेले कार्ड घेताना ते दुकानातच अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहावे, पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का ते बघावे, मेमरीचे तापमान वाचावे, आणि वॉरंटी मूळ बिलावर आहे की सिरीयल क्रमांकावर, हे पैसे देण्याआधी विचारावे.