अविभाज्य जटिलता

अनेक घटक जुळून काम करणाऱ्या जैविक यंत्रणेतला एकही घटक काढला की काम ठप्प होत असेल, तर ती यंत्रणा नैसर्गिक निवडीने टप्प्याटप्प्याने घडलेली असू शकत नाही, असा दावा. अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाचे जैवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही यांनी तो १९९६ साली ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ या पुस्तकात मांडला. त्यांचे आवडते उदाहरण उंदराच्या सापळ्याचे. स्प्रिंग काढली तर अर्धे उंदीर सापडतात असे नाही, एकही सापडत नाही. जीवाणूची गरगर फिरणारी कशाभिका (पोहण्यासाठीचा शेपटीसारखा तंतू), रक्त गोठण्याची साखळी आणि रोगप्रतिकार यंत्रणा ही त्यांनी दिलेली जैविक उदाहरणे. अशा रचनांमागे कोणा बुद्धिमान रचनाकाराचा हेतू असला पाहिजे, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष.

आव्हान एका अर्थी डार्विननेच दिले होते. लहानलहान बदलांच्या मालिकेतून घडणे अशक्य असा एखादा अवयव दाखवता आला तर आपला सिद्धांत कोसळेल, असे त्याने १८५९ मध्ये लिहिले. तसा अवयव सापडल्याचे बीही सांगतात. पण अशी रचना उत्क्रांतीच्या आडवळणाच्या वाटेने घडल्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, हेही ते त्याच पुस्तकात कबूल करतात. म्हणजे दावा ‘अशक्य’ वरून ‘फारच असंभाव्य’ वर उतरतो, आणि वाद खरा तिथेच सुरू होतो.

आज एखादा भाग अत्यावश्यक आहे म्हणून तो पहिल्यापासून अत्यावश्यक होता असे ठरत नाही. आधी नुसता उपयोगी असलेला भाग इतर भाग त्याच्यावर विसंबू लागल्यावर अनिवार्य होतो. आनुवंशिकीतज्ज्ञ हर्मन म्युलर यांनी हे १९१८ मध्येच मांडले होते. शिवाय भागांचे काम बदलते. प्लेगच्या जीवाणूकडे यजमानाच्या पेशीत प्रथिने टोचणारी एक यंत्रणा असते, आणि तिची बरीच प्रथिने कशाभिकेच्या तळाशी असलेल्या प्रथिनांशी मिळतीजुळती आहेत. ती कशाभिकेची पूर्वज नव्हे. उलट कशाभिकेपासूनच निघाली असावी, असे वंशावळींचे विश्लेषण सुचवते. उत्क्रांतीची बाजू मांडणारे हा तपशील कधीकधी गाळतात. मुद्दा मात्र टिकतो: थोडक्या भागांचा संचही कशाच्या तरी उपयोगाचा असतो. रक्त गोठण्याच्या साखळीतला बारावा घटक डॉल्फिनमध्ये नाही, तरी त्यांचे रक्त गोठते. साखळीचा हा आरंभीचा भाग माझ्या दाव्यात येतच नाही, असे बीहींचे उत्तर.

सर्वांत बोलके उदाहरण बुरशीचे आहे. पेशीतील कप्पे आम्लधर्मी करणाऱ्या एका प्रोटॉन-पंपात प्रथिनांचे कडे असते. प्राण्यांत ते दोन प्रकारच्या प्रथिनांचे बनते, यीस्ट या बुरशीत तीन. आणि यीस्टमध्ये तिघांपैकी एक काढले की पंप बंद पडतो. बीहींच्या व्याख्येत चपखल बसणारी रचना. ओरेगन विद्यापीठातील जो थॉर्न्टन आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनांच्या पूर्वजांचे अनुक्रम अनुमानाने ठरवले, ती प्रथिने पुन्हा तयार केली आणि आजच्या यीस्टमध्ये घालून पाहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: एका पूर्वज जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि प्रत्येकीने शेजाऱ्याला जोडून घेण्याची वेगवेगळी क्षमता गमावली. एकच पूर्वज प्रथिन आजच्या दोघांचे काम करू शकत होते. नवे काही कमावल्याने नव्हे, तर जुने हरवल्याने दोन्ही प्रती अपरिहार्य झाल्या. कशाभिकेचा इतका बारीक इतिहास अजून हाती नाही, हे खरे. पण माहितीतली पोकळी म्हणजे रचनाकाराचा पुरावा नव्हे.

वाद न्यायालयातही गेला. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील शाळामंडळाने जीवशास्त्राच्या वर्गात ‘बुद्धिमान रचने’चा उल्लेख करणारे निवेदन सक्तीचे केले, तेव्हा पालकांनी दावा लावला. साक्षीच्या वेळी बीहींसमोर रोगप्रतिकार यंत्रणेच्या उत्क्रांतीवरील ५८ शोधनिबंध आणि काही पुस्तके ठेवण्यात आली. एवढ्याने पुरेसा पुरावा होत नाही, असे ते म्हणाले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी ही कल्पना विज्ञान नसल्याचा आणि सरकारी शाळेत ती शिकवणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. त्याआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, मंडळातले तिचे समर्थक हरले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही, त्यामुळे हा प्रश्न त्या खटल्यातून वरच्या न्यायालयात गेलाच नाही.