आपत्कालीन सेवांच्या बिनतारी संदेशांचे कूटबद्धीकरण

पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका अशा सेवांचा नियंत्रण कक्ष आणि घटनास्थळावरची माणसे यांच्यातले बिनतारी बोलणे फक्त अधिकृत संचांनाच कळावे, म्हणून ते गुप्त किल्लीने, म्हणजे त्याच संचांत भरलेल्या गुपित अंकमालिकेने, कूटबद्ध करून पाठवण्याची पद्धत. हे बोलणे नागरिकांना आणि पत्रकारांना ऐकू यावे की नाही, हा वाद तिच्याशी कायमचा जोडलेला आहे.

डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या गाड्यांना एकतर्फी संदेश पाठवायला सुरुवात केली. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन येथे द्विमार्गी संवाद सुरू झाला. हे सारे उघडेच होते. न्यूयॉर्कचा वृत्तछायाचित्रकार वीजी १९३० च्या दशकाअखेर पोलीस वारंवारतेचा संच गाडीत ठेवून फिरे आणि घटनास्थळी चटकन हजर होई. पुढे असे संदेश शोधून ऐकवणारे स्कॅनर स्वस्त झाले, तशी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि हौशी श्रोत्यांच्या घरांत त्यांची खरखर नेहमीची झाली. ही खुली सोय कुणी मुद्दाम दिलेली नव्हती. ती तंत्राच्या मर्यादेतून आली होती. आजच्या वादात दोन्ही बाजू हे सोयीस्कर विसरतात.

डिजिटल संदेश म्हणजे कूटबद्ध संदेश, हा गैरसमज सर्रास आढळतो. अमेरिकेत रूढ असलेला पी-२५ आणि युरोपातला टेट्रा हे दोन्ही डिजिटल मानक कूटबद्धीकरणाविनाही चालतात, आणि तसे संदेश योग्य स्कॅनरवर ऐकता येतात. कूटबद्धीकरणात आवाजाच्या अंकीय प्रवाहावर किल्लीने प्रक्रिया होते. किल्ली नसलेल्या संचाला त्यातून काहीच उमगत नाही. पी-२५ मध्ये आता एईएस-२५६ ही पद्धत वापरतात. डीईएस ही जुनी पद्धत आज कमकुवत मानली जाते.

खरी अडचण गणितापेक्षा व्यवस्थापनात आहे. हजारो संचांत एकच किल्ली भरायची, ती वेळोवेळी बदलायची, हरवलेला संच बाद करायचा, शेजारच्या दलाकडेही तीच किल्ली पोहोचवायची. यात एक दुवा चुकला की मोठ्या दुर्घटनेत दोन दलांना एकमेकांचे ऐकूच येत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये उलटी बाजू दाखवली. अमेरिकी संघीय यंत्रणांचे संवेदनशील बोलणे वारंवार उघड्यावर जात होते आणि बोलणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. कूटबद्धीकरण चालू असलेला संच साधे संदेशही विनातक्रार ऐकवतो; त्यामुळे एखाद्याचे बटण बंद राहिले, तरी ते कुणाच्या लक्षात येत नाही.

टेट्राच्या कूटबद्धीकरणाच्या पद्धती तर दोन दशकांहून अधिक काळ गुप्त होत्या. २०२३ मध्ये डच संशोधकांनी त्या उलगडल्या, तेव्हा टीईए-१ या पद्धतीत ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांवर आणली जाते, हे उघड झाले. एवढी छोटी किल्ली साध्या संगणकावरही शोधता येते. पद्धत झाकून ठेवल्याने सुरक्षितता वाढते, या समजुतीला याहून चांगले उत्तर शोधून सापडणार नाही.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेच्या १९८६ च्या संघीय कायद्यानुसार पोलीस व अग्निशमन सेवांचे कूटबद्ध नसलेले, लोकांना सहज घेता येणारे संदेश ऐकणे गुन्हा ठरत नाही. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेले संदेश परवानगीविना मुद्दाम ऐकणेच बेकायदा आहे. शिवाय तिथल्या आपत्कालीन सेवा टेट्रावर आधारित, कूटबद्ध एअरवेव्ह जाळ्यावर गेल्याने स्कॅनरचा प्रश्नही जवळपास संपला. म्हणून वाद मुख्यतः अमेरिकेतच पेटलेला दिसतो.

बंदिस्तीच्या बाजूने दोन कारणे वजनदार आहेत: छापा घालणाऱ्या पथकाची जागा संशयिताला कळू नये, आणि लोकांची खासगी माहिती हवेत फिरू नये. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर शोधमोहिमेतले पोलिसांचे संदेश इंटरनेटवर असंख्य लोक ऐकत होते. पथकांच्या हालचाली जाहीर करू नका, असे आवाहन पोलिसांना करावे लागले. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने २०२० मध्ये गुन्हेगारी नोंदींतली व्यक्तिगत माहिती जपण्याची सूचना काढली, तेव्हा अनेक दलांनी सगळ्याच वाहिन्या कूटबद्ध केल्या. पालो आल्टोने मात्र २०२२ मध्ये त्या पुन्हा उघडल्या आणि नाजूक तपशील दुसऱ्या मार्गाने देण्याचे ठरवले. छाप्याची वाहिनी झाकण्यासाठी रोजची गस्तही झाकावी लागत नाही, हे त्यातून दिसले.

अग्निशमनाचे गणित निराळे. तिथे घटनास्थळावरची वाहिनी पुष्कळदा उघडी, किंबहुना ॲनालॉगच ठेवतात, कारण गोंगाटात डिजिटल आवाज अस्पष्ट होतो आणि मदतीला आलेल्या कोणत्याही दलाला बोलता यावे लागते.

मधले मार्गही निघाले आहेत. शिकागोने २०२२ पासून अर्ध्या तासाच्या विलंबाने संदेश लोकांना उपलब्ध केले. आग किंवा गोळीबार चालू असताना रस्ता टाळू पाहणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. कोलोरॅडोच्या २०२१ च्या कायद्याने सर्व संदेश कूटबद्ध करणाऱ्या दलांना माध्यमांसाठी प्रवेशाचे धोरण आखणे बंधनकारक केले. पण पत्रकार कोणाला म्हणायचे आणि कोणत्या अटींवर संच द्यायचा, हे दलाशी होणाऱ्या करारात ठरते. ज्याच्या कामावर नजर ठेवायची, त्याचीच परवानगी घेण्याची पाळी वृत्तसंस्थांवर येते.