फायबरच्या होडीत फायबर किती?

कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या शेजारी आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. नाव फायबरचं, पण काचतंतूंच्या चटईवर हाताने रेझिन, म्हणजे तंतूंना जखडून घट्ट होणारी राळ, थापून केलेल्या अशा होडीत काच वजनाने साधारण 30 टक्केच असते. बाकीचं सगळं रेझिन. ताकद येते ती मुख्यतः काचेमुळे, आणि वरून रंग चढल्यावर काच कमी पडली की नाही हे डोळ्यांना कळत नाही.

कळण्याचा मार्ग म्हणजे एक तुकडा कापून जाळणे. कोरड्या मुशीत ठेवून तो तोलायचा आणि सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवायचा. रेझिन जळून जातं, काच मागे राहते. मूस ओलावा न लागू देता थंड केली, की पुन्हा वजन. रेझिनमध्ये खडूची भुकटी मिसळलेली असेल तर तीही मागे उरते आणि काच म्हणून मोजली जाते. मग ती आम्लाने विरघळवून काढावी लागते.

समजा, 10 ग्रॅमच्या तुकड्यातून 7 ग्रॅम काच उरली. म्हणजे 70 टक्के? वजनाने, हो. पण पदार्थाचा ताठपणा ठरतो तो तंतूंनी किती जागा व्यापली आहे त्यावर. काचेची घनता घनसेंटिमीटरला सुमारे 2.55 ग्रॅम, रेझिनची 1.2. म्हणजे काचेचं आकारमान 2.75 घनसेंटिमीटर, रेझिनचं 2.5. आकारमानाने काच जेमतेम 52 टक्के! नुसतं ‘70 टक्के फायबर’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते कशाचे टक्के हे विचारलंच पाहिजे.

हाच हिशेब आणखी एक गोष्ट उघड करतो. दोन्ही मिळून 5.25 घनसेंटिमीटर व्हायला हवं. जाळण्याआधी तोच तुकडा पाण्यात तोलून आकारमान 5.35 आलं असेल, तर वरचं 0.1 म्हणजे आत अडकलेली हवा, जवळजवळ 2 टक्के. विमानाच्या भागांसाठी एवढी हवा सहसा चालत नाही.

विमानात वापरतात त्या कार्बनतंतूंना मात्र ही भट्टी चालत नाही, कारण त्या तापमानाला हवेत कार्बन स्वतःच जळू लागतो. तिथे इपॉक्सी रेझिन गरम नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि तंतू गाळून, धुऊन, वाळवून तोलतात.

एवढं करूनही तंतू एका बाजूला गर्दी करून बसले आहेत का, हे तराजू सांगत नाही. त्यासाठी काप घासून आरशासारखा करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची गोल टोकं कुठे दाटली आहेत, कुठे विरळ आहेत, ते पाहतात.