रिकाम्या खोलीतून आलेला ‘सेल’

जीवशास्त्रात पेशी, तुरुंगात कोठडी, टॉर्चमध्ये विद्युतघट, एक्सेलमध्ये चौकट. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द पुरतो: सेल. मूळ लॅटिन ‘सेला’, म्हणजे लहान खोली. मठातल्या साधूंच्या खोल्यांनाही इंग्रजीत हेच नाव होते.

विज्ञानात हा शब्द रुजवला रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने. धारदार चाकूने त्याने बुचाचा, म्हणजे झाडाच्या सालीपासून मिळणाऱ्या कॉर्कचा, अतिशय पातळ काप काढला. बूच पांढरट, म्हणून काप काळ्या पट्टीवर ठेवला आणि भिंगातून त्यावर प्रकाश पाडला. सूक्ष्मदर्शकाखाली मधाच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे दिसले. एका घन इंचात ते १,२५,९७,१२,००० असावेत, असा हिशेबही त्याने मांडला. बूच हलके का आणि पाण्यावर तरंगते का, याचे उत्तर त्याला या हवा भरलेल्या कप्प्यांतच सापडले. १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या त्याच्या पुस्तकात हे सगळे छापून आले.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की हूकने नाव दिले ते मृत पेशींच्या उरलेल्या भिंतींना. आतला जिवंत ऐवज केव्हाच नाहीसा झाला होता. पुढे जर्मन शास्त्रज्ञांपैकी १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पती आणि १८३९ मध्ये श्वानने प्राणीही पेशींचेच बनलेले असतात, असे मांडले. प्राण्यांच्या पेशीला तर भित्तिका नसतेच, फक्त पातळ पटल असते. तरी नाव ‘खोली’चेच राहिले!

विजेच्या सेलची गोष्ट सरळ आहे. सुरुवातीच्या काही बॅटऱ्यांमध्ये लांबट पेटीत धातूच्या पत्र्यांचे आडवे पडदे घालून कप्पे करत आणि त्यांत सौम्य आम्ल भरत.

मोबाइलला ‘सेल फोन’ म्हणतात, त्यातला सेल मात्र जमिनीवर आखलेला असतो. एकाच उंच मनोऱ्यावरून अख्ख्या शहराला सेवा दिली, तर प्रत्येक वारंवारिता (फ्रीक्वेन्सी) एका वेळी एकाच संभाषणाला वापरता येते. १९४७ साली बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या अभियंत्यांनी सुचवले, की प्रदेशाचे छोटे षटकोनी भाग पाडा आणि प्रत्येकाला कमी शक्तीचा प्रक्षेपक (ट्रान्समीटर) द्या. मग पुरेशा अंतरावरच्या भागात तीच वारंवारिता पुन्हा वापरता येते. आखणी षटकोनी, कारण षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये फट राहत नाही, आणि आकार वर्तुळाच्या बराच जवळ जातो. ग्राहक वाढले की एका सेलचे आणखी लहान सेल करतात. अभियंते त्याला ‘सेल स्प्लिटिंग’ म्हणतात.