राष्ट्रीय फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक कसा निवडतात? पात्रता, कागदपत्रं आणि कोकणातून निघणारी वाट

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आशा तिथेच संपली. सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसाला कोकण रेल्वेने जाऊन बघता येईल असं हे मैदान, त्यामुळे हा पराभव आपल्या भागात जरा जास्तच लागला. अशा सामन्यानंतर नाक्यानाक्यावर एकच वाक्य ऐकू येतं: कोच बदला. पण कोच बदलायचा म्हणजे नेमकं काय होतं, अर्ज कोण करू शकतो, कुठले कागद लागतात आणि शेवटचा शब्द कोणाचा, याची मराठीत धड माहिती मिळत नाही. ती इथे देतो. शाळेत फुटबॉल घेणारे पीटीचे सर, गावच्या क्लबचे कोच यांनी तर ती जरूर वाचावी, कारण या खुर्चीकडे जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी आपल्याच भागात चढता येते.

नेमणूक कोण करतं?

मुख्य प्रशिक्षक नेमण्याचा अधिकार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा, म्हणजे एआयएफएफचा. मंत्रालय किंवा राज्य संघटना ही नेमणूक करत नाही. खुर्ची दोन प्रकारे रिकामी होते. एक, महासंघ करार मोडतो. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच यांच्या बाबतीत हे झालं. २०२६ च्या विश्वचषक पात्रतेत संघ तिसऱ्या फेरीत पोचला नाही आणि जून २०२४ मध्ये त्यांना काढण्यात आलं. करार शिल्लक होता, त्यामुळे भरपाईचा वाद झाला आणि चार लाख डॉलरवर तडजोड झाली. दुसरा प्रकार सामोपचाराचा. स्पेनचे मानोलो मार्केझ आणि महासंघ जुलै २०२५ मध्ये परस्परसंमतीने वेगळे झाले. मार्केझ यांच्या आठ सामन्यांत भारताने एकच जिंकला होता, मालदीवविरुद्धचा. त्याच महिन्यात फिफा क्रमवारीत भारत १३३ वर घसरला. डिसेंबर २०२३ मध्ये आपण १०२ वर होतो.

जाहिरात आणि मुदत

महासंघ आपल्या संकेतस्थळावर जाहिरात देतो आणि अर्ज ईमेलने मागवतो. इथे मुदतीकडे नीट बघा. २०२५ ची जाहिरात ४ जुलैला आली आणि शेवटची तारीख होती १३ जुलै. एवढ्या दिवसांत जुन्या क्लबकडून अनुभवाचं पत्र आणणं, प्रमाणपत्रांच्या प्रती काढणं, परदेशातल्या कोणाची शिफारस मिळवणं जमत नाही. फाइल आधीपासून तयार असेल त्याचाच अर्ज पूर्ण जातो.

अर्ज किती येतात? २०२४ मध्ये २९१ आले, २०२५ मध्ये १७०. या १७० मध्ये बार्सिलोनाचे माजी खेळाडू आणि माजी प्रशिक्षक झावी यांच्या नावाचाही ईमेल होता आणि त्याची बातमी जगभर झाली. नंतर महासंघाने स्पष्ट केलं की झावी आणि पेप ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते. यातून अर्जदाराने घ्यायची गोष्ट साधी आहे: अर्ज स्वतःच्या, ओळख पटेल अशा ईमेलवरून पाठवावा आणि त्यात फोनवरून खातरजमा करता येईल अशा दोन माणसांची नावं द्यावीत.

पात्रता

भारतीय नागरिकत्वाची अट नाही. राष्ट्रीय संघातून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, पण संघाला शिकवायला लागत नाही. म्हणूनच बॉब हॉटन, विम कोवरमन्स, स्टीफन कॉन्स्टंटाइन अशी परदेशी नावं आपल्या यादीत आहेत.

खरी अट प्रशिक्षकाच्या लायसन्सची. एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) प्रो, युएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ) प्रो किंवा त्या तोडीचं दक्षिण अमेरिकी प्रमाणपत्र हवं. त्यानंतर वरच्या पातळीवरचा दीर्घ अनुभव, म्हणजे अव्वल विभागातल्या क्लबचा किंवा एखाद्या देशाच्या संघाचा. विश्वचषक किंवा खंडीय पात्रता फेरीत काम केलेलं असेल तर वजन वाढतं.

या अनुभवाच्या अटीबद्दल थोडं बोललं पाहिजे. क्लबच्या कोचला खेळाडू रोज सकाळी मैदानावर मिळतात. राष्ट्रीय कोचला ते मिळतात फिफाने ठरवून दिलेल्या काही दिवसांपुरते, आणि त्या दिवसांबाहेर क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे असं बंधन नाही. मार्केझ यांच्या जागी खालिद जमील यांची नेमणूक १ ऑगस्ट २०२५ ला झाली आणि २९ ऑगस्टला त्यांचा संघ ताजिकिस्तानमध्ये, ताजिकिस्तानविरुद्धच, सीएएफए नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेचा पहिला सामना खेळत होता, तोही सगळे खेळाडू हाताशी नसताना. भारताने तो २-१ जिंकला आणि पुढे ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला. अडखळत्या संघाला असा माणूस लागतो, जो आठ-दहा दिवसांच्या शिबिरात बचावफळीची जुळणी करून दाखवील. माझ्या मते अर्ज तपासताना मोठ्या क्लबच्या नावापेक्षा ही एक गोष्ट आधी बघायला हवी.

लायसन्सची उतरंड

भारतात क्रम असा आहे: ई, डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. मधली पायरी सहसा गाळता येत नाही. एक लायसन्स मिळालं की त्या पातळीवर प्रत्यक्ष काम करायचं, मग पुढच्याला अर्ज करायचा. सगळी चढण अनेक वर्षांची आहे, म्हणून सुरुवात तिशीच्या आत झालेली बरी.

महाराष्ट्रातल्या कोचने आपल्या जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे विफाशी संपर्क ठेवायचा. विफाचं कार्यालय मुंबईत कूपरेजला आहे. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडच्यांना गोवा जवळ पडतं, तेव्हा गोवा फुटबॉल असोसिएशनच्या कोर्सकडेही लक्ष ठेवावं. मात्र बाहेरच्या राज्यातला उमेदवार घेणार का, हे फी भरण्याआधी विचारून घ्या. नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीवर होते. डी कोर्ससाठी वय १८ पूर्ण हवं. ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, फोटो आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हे कागद तयार ठेवा. प्रत्येक कोर्सच्या नोटिशीत जी यादी असते तीच अंतिम.

कोर्सला काय होतं हे न कळल्यामुळे बरेच जण बिचकतात. वर्गातले तास असतात, पण खरी परीक्षा मैदानावर. तुम्हाला एक विषय मिळतो, समजा पाठीवर प्रतिस्पर्धी असताना पास घेणं. कोन मांडून छोटं मैदान आखायचं, बरोबरच्या उमेदवारांनाच खेळाडू करायचं, खेळ चालू करायचा आणि चूक दिसली त्या क्षणी "थांबा" म्हणायचं. सगळे होते तिथे उभे राहतात. मग तुम्ही त्या खेळाडूजवळ जाता, पास येण्याआधी मान वळवून मागे बघायला सांगता, पाय कसा उघडा ठेवायचा ते स्वतः करून दाखवता, आणि खेळ पुन्हा सुरू करता. परीक्षक बघतात ते तुम्ही योग्य क्षणी थांबवलंत का, आणि किती थोड्या शब्दांत सांगितलंत. जांभ्याच्या खडबडीत मैदानावर किंवा ओहोटीच्या घट्ट पुळणीवर रोज पोरांना खेळवणाऱ्या कोचला हे अवघड जाऊ नये. सवय करायची ती सरावाचा आराखडा आदल्या रात्री वहीत लिहून काढायची. पावसाळ्यात ती वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढच्या लायसन्सला केलेल्या कामाची नोंद दाखवावी लागते, तेव्हा हीच वही कामी येते.

वर जाल तसं काम वाढतं. ए आणि प्रो हे एका बैठकीत उरकणारे कोर्स नाहीत, त्यांचे टप्पे असतात आणि टप्प्यांच्या मधल्या काळात स्वतःच्या संघाबरोबर केलेलं काम तपासलं जातं.

मुख्य प्रशिक्षकपदाच्या अर्जाची फाइल

बायोडाटा दोन-तीन पानांत आवरा. त्यात संघ, वर्षं, सामने, निकाल आणि तुमची नेमकी भूमिका लिहा, कारण सहायक म्हणून केलेलं काम मुख्य म्हणून लिहिलं तर ते एका फोनमध्ये उघड होतं. सोबत अर्जाचं पत्र, लायसन्सची दोन्ही बाजूंची स्पष्ट प्रत, पासपोर्टची प्रत आणि आधीच्या संघांची अनुभवपत्रं. सध्या कुठे करारात असाल तर क्लब कधी सोडू शकेल हे लिहून द्या. निवड झालीच तर त्या क्लबचं ना-हरकत पत्र लागेल. परदेशी उमेदवाराला नेमणुकीनंतर रोजगार व्हिसाही काढावा लागतो.

जाहिरातीत मागितलेलं नसलं तरी एक कागद मी प्रत्येकाला जोडायला सांगेन: भारताच्या शेवटच्या काही सामन्यांचं स्वतः केलेलं विश्लेषण, दोन पानांचं. गोल कुठून खाल्ले, चेंडू कुठे गमावला, पहिल्या शिबिरात काय बदलाल. निवड समितीला तुमच्या डोक्यात काय आहे ते यातून कळतं, बायोडाट्यातून कळत नाही.

लायसन्सला मुदत असते आणि ते चालू ठेवायला उजळणीचे तास भरावे लागतात. मुदत संपलेली प्रत जोडली तर बाकीची फाइल कितीही चांगली असली तरी अर्ज अडतो.

निवड कशी होते?

आलेल्या अर्जांची छाननी होते आणि निवडक नावं तांत्रिक समितीपुढे जातात. या समितीत माजी खेळाडू असतात. २०२५ मध्ये अध्यक्ष होते आय. एम. विजयन. समितीने तीन नावं पुढे पाठवली: खालिद जमील, भारताला आधी दोनदा शिकवलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन, आणि स्लोव्हाकिया व किर्गिझस्तानचे माजी प्रशिक्षक श्टेफान तारकोविच. समिती शिफारस करते, निर्णय कार्यकारी समितीचा. १ ऑगस्टला कार्यकारी समितीने जमील यांचं नाव पक्कं केलं.

सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस या जागेवर आला. मेदेरा गोव्याचे. त्यांच्याआधी २०११ मध्ये संघ सांभाळलेले, धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे आर्मांदो कुलासोही गोव्याचे. जमील यांची खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षं मुंबईत गेली, आणि २०१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐजॉल एफसीसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली. म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या दोन्ही टोकांनी देशाला प्रशिक्षक दिले. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून माझ्या माहितीत अजून कोणी तिथवर गेलेलं नाही. मुलं आहेत, पाऊसभर चिखलात खेळण्याची हौस आहे. कमी आहे ती लायसन्स असलेल्या कोचची, आणि एका तालुक्यात दोघांनी जरी डी पूर्ण केलं तरी तिथल्या पोरांना लहान वयात योग्य शिकवण मिळू लागेल.

नेमणुकीनंतर

करारात किती वर्षं आणि वाढीची तरतूद काय हे ठरतं. जमील यांचा करार दोन वर्षांचा, पुढे एक वर्ष वाढवता येईल असा होता. करार वाचताना उमेदवाराने दोन कलमं वकिलाकडून तपासून घ्यावीत: मुदतीआधी काढलं तर भरपाई किती, आणि क्लबची नोकरी सोबत करता येईल का. दुसरा मुद्दा अगदी ताजा आहे. मार्केझ २०२४-२५ च्या हंगामात एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ दोन्ही सांभाळत होते, तर जमील यांनी जमशेदपूर क्लब सोडून पूर्णवेळ काम घेतलं.

डी कोर्सच्या जागा मोजक्या असतात आणि तारखा फार आधी कळत नाहीत. जिल्हा संघटनेच्या सचिवांना आजच भेटून नाव आणि फोन नंबर देऊन ठेवा, आणि महासंघाच्या प्रणालीवर स्वतःची नोंदणी आधीच पूर्ण करा.